१९५१ सान फ्रान्सिस्को डॉन्स फुटबॉल हंगाम

इ.स. १९५१ च्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल हंगामात सान फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या डॉन्स या संघाने आपले नऊच्या नऊ सामने जिंकले. असे असूनही या संघाला हंगामाअखेरच्या एकाही मानाच्या सामन्यात खेळता आले नाही. संघातील दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर यांना, मागे ठेवून खेळण्यास संघाने नकार दिला, हे त्याचे कारण सांगितले जाते. हंगामानंतर विद्यापीठाने आपला फुटबॉल संघच बंद केला.

पार्श्वभूमी

सान फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पंथीयांनी चालविलेली, तुलनेने लहान शिक्षणसंस्था आहे. जो कुहारिक यांनी १९४८ मध्ये मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारले, तेव्हा पहिल्या हंगामात संघाला केवळ दोन विजय मिळाले होते. त्यांचा सराव अतिशय कठोर असे. संघातील काही खेळाडू दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेले होते. बचावफळीतील जिनो मार्केटी यांनी युरोपच्या आघाडीवर सैनिक म्हणून काम केले होते. मॅटसन आणि टोलर हे दोघेही सान फ्रान्सिस्को शहरातील सिटी कॉलेजमधून विद्यापीठात आले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पीट रोझेल हे तरुण पाहत असत. हेच रोझेल पुढे १९६० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचे (एनएफएल) आयुक्त झाले.

हंगाम

पहिल्याच सामन्यात डॉन्सनी सान होजे स्टेटचा ३९–२ असा पराभव केला. त्यानंतरचे बहुतेक विजयही एकतर्फी होते. खरी चुरस न्यू यॉर्क येथे फोर्डहॅमविरुद्ध झाली. पूर्व किनाऱ्यावरील वृत्तपत्रांना हा संघ प्रत्यक्ष पाहण्याची ही जवळजवळ एकमेव संधी होती. या सामन्यात मॅटसन यांनी प्रतिपक्षाने सुरुवातीला लाथाडलेला चेंडू झेलून दोन वेळा थेट टचडाऊनपर्यंत नेला. दोन्ही धावा मैदानाची जवळजवळ संपूर्ण लांबी व्यापणाऱ्या होत्या. डॉन्सनी सामना ३२–२६ असा जिंकला.

नोव्हेंबरमध्ये स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकवर ४७–१४ असा विजय मिळाला. हा प्रतिस्पर्धी बलवान मानला जात असल्याने बोल सामन्याचे निमंत्रण आता नक्की, असा खेळाडूंचा समज झाला. शेवटी पॅसाडिना येथील रोझ बोल मैदानावर लोयोलाला २०–२ असे हरवून संघ अपराजित राहिला.

मॅटसन यांनी हंगामात चेंडू घेऊन धावत १,५६६ यार्ड अंतर कापले. त्या वर्षी देशातील कोणत्याही महाविद्यालयीन खेळाडूपेक्षा ते अधिक होते. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत मात्र संघाला १४ वे स्थान मिळाले.

निमंत्रणाचा प्रश्न

नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांना बोलावून जे सामने भरविले जातात, त्यांना बोल सामने म्हणतात. तेव्हाही त्यांतून सहभागी महाविद्यालयांना मोठी रक्कम मिळत असे. सान फ्रान्सिस्को विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता, त्यामुळे हे निमंत्रण संघाच्या अस्तित्वाशीच निगडित होते.

खेळाडूंनी पुढे वेळोवेळी सांगितल्यानुसार, मायामीतील ऑरेंज बोलचे निमंत्रण मॅटसन व टोलर यांना न आणण्याच्या अटीवर मिळू शकत होते. फ्लोरिडासह दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी वर्णभेदाचे कायदे लागू होते. कुहारिक यांनी ही अट संघापुढे मांडली आणि ती तत्काळ नाकारण्यात आली. संघाला न बोलावण्याचे उघड कारण म्हणून त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचा दुबळेपणा सांगितला गेला. वेळापत्रकात मोठ्या विद्यापीठांचे संघ फारसे नव्हते, हे खरेच आहे. तथापि त्याने अटीचे स्पष्टीकरण होत नाही. दक्षिणेतील सर्वच बोल सामने तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होते असेही नाही. डॅलस येथील कॉटन बोलमध्ये १९४८ सालीच पेन स्टेटचे कृष्णवर्णीय खेळाडू उतरले होते. शुगर बोलमध्ये मात्र पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पिट्सबर्गचे बॉबी ग्रियर, १९५६ मध्ये खेळला.

१ जानेवारी १९५२ रोजी झालेल्या ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेकने बेलरचा १७–१४ असा पराभव केला.

नंतरचा काळ

संघ विसर्जित झाल्यावर कुहारिक शिकागो कार्डिनल्सचे प्रशिक्षक झाले. त्याच संघाने मॅटसन यांची निवड केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅटसन यांनी ४०० मीटर शर्यतीत कांस्य व ४ × ४०० मीटर रिलेमध्ये रौप्यपदक मिळविले. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर या तिघांचा पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एकाच महाविद्यालयीन संघातील इतके खेळाडू तेथे पोहोचणे दुर्मीळ आहे.

टोलर यांना मात्र व्यावसायिक सामना खेळताच आला नाही. १९५२ मध्ये महाविद्यालयीन तारांकित खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यात त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यांनी सान फ्रान्सिस्कोत शिक्षकी पेशा पत्करला. १९६५ मध्ये ते एनएफएलमधील पहिले कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाले. तेव्हा लीगचे आयुक्त रोझेल हेच होते.

२००६ मध्ये विद्यापीठाने या संघातील हयात खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली.