मधला थर

रोलचा कॅमेरा वापरलाय ना? छत्तीस फोटो, आणि रोल धुवून येईपर्यंत धाकधूक. कोरड्या हवेत फिल्म भरभर सरकली की घर्षणाने वीज साठते. तिची ठिणगी उडाली की फोटोवर झाडाच्या फांद्यांसारखे डाग! ते टाळायला आग्फा कंपनी फिल्मवर एका वीजवाहक प्लॅस्टिकचा पातळ लेप देत असे. आजची गोष्ट त्या लेपाची.

वीजवाहक प्लॅस्टिक म्हटलं की सगळे शिराकावांचा किस्सा सांगतात. १९६७ साली उत्प्रेरक चुकून हजारपट पडला आणि चंदेरी पापुद्रा तयार झाला. १९७७ मध्ये मॅकडायर्मिड आणि हीगर यांच्यासोबत त्यात आयोडीन घातलं, वीज वाहू लागली, २००० साली नोबेल. किस्सा झकास, पण ते पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. असो.

आपला नायक पेडॉट. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या बायर कंपनीत जन्मलेला. टिकाऊ, पण कशातच विरघळेना! मग पॉलिस्टायरीन सल्फोनेट नावाच्या आम्लधर्मी पॉलिमरच्या सोबतीने त्याला पाण्यात घडवलं, आणि गडद निळी शाई हाती आली.

इकडे १९९० मध्ये केंब्रिजला बरोज, फ्रेंड आणि होम्स यांनी प्लॅस्टिकचा दिवा पेटवला. हिरवट-पिवळा उजेड, पण अशा दिव्यांचं आयुष्य तोकडं. काचेवरचा पारदर्शक इंडियम-टिन ऑक्साइड खडबडीत, त्याची टोकं वरच्या तलम थरात घुसून शॉर्ट व्हायचं. शिवाय धन प्रभाराला तिथून प्लॅस्टिकमध्ये चढायला पायरी उंच पडायची. मध्ये पेडॉटचा थर दिला, जेमतेम ५० नॅनोमीटरचा, आणि दोन्ही दुखणी कमी झाली. जमीन सारवल्यासारखी सपाट, वर मधली एक पायरी. माझ्या मते खरी करामत इथेच आहे.

मात्र ही शाई आंबट. ती हळूहळू खालचा ऑक्साइड खाते, आणि सुटलेलं इंडियम वर झिरपतं. ज्याने दिव्याला जगवलं तोच त्याला पोखरतो!

दुसऱ्या टोकाला, म्हणजे ऋण बाजूला, वेगळीच अडचण. तिथे कॅल्शियमसारखे धातू लागत, आणि ते हवेत लगेच खराब होतात. २००४ च्या सुमारास चीनमधल्या ग्वांगझूला काओ योंग यांच्या गटाने अमाइनची शेपटं असलेलं पॉलिमर वापरलं. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे लेप देताना खालचा थर विरघळत नाही. काही नॅनोमीटरच्या त्या थरावर साधं अ‍ॅल्युमिनियम चढवलं तरी दिवा छान लागतो.