बसगाड्यांची देखभाल व नोंदव्यवस्था

सार्वजनिक बससेवेतील गाड्यांची धाव, बिघाड, इंधनाचा खप व सुट्या भागांची अदलाबदल यांची नोंद ठेवून त्या आधारे तपासणी व दुरुस्ती केव्हा करावयाची हे ठरविण्याची पद्धती. दुरुस्ती फार लवकर केल्यास भागांचे उरलेले आयुष्य वाया जाते; फार उशीर केल्यास गाडी वाटेत बंद पडून प्रवाशांचा खोळंबा होतो. या दोन तोट्यांमधील मध्य साधणे हा अशा नोंदींचा मूळ हेतू होय.

लंडन : प्रारंभीच्या मोटारबसगाड्या वारंवार नादुरुस्त होत. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने १९१० मध्ये ‘बी’ प्रकारची बस आणली. तिचे भाग परस्परांत बदलता येण्याजोगे असल्याने दुरुस्ती सोपी झाली. याच कंपनीने १९२१ मध्ये चिझिक येथे मध्यवर्ती कार्यशाळा उघडली. तेथे चासी व वरचा सांगाडा वेगळे करून प्रत्येकाची टप्प्याटप्प्याने दुरुस्ती होई. पुढे ऑल्डनम येथील कार्यशाळा १९५६ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. सु. ७,००० ‘आरटी’ गाड्यांचा ताफा जवळजवळ एकसारखा असल्याने तयार असेल तो सांगाडा तयार असेल त्या चासीवर बसविता येई. कार्यशाळेत शिरणाऱ्या गाडीचा क्रमांक व परवाना दुरुस्त होऊन बाहेर पडणाऱ्या दुसऱ्याच गाडीला मिळे. म्हणजे क्रमांक तोच राही. गाडी मात्र वेगळी असे. यावरून नोंदव्यवस्थेतील एक महत्त्वाची अडचण लक्षात येते : जेथे भाग बदलतात, तेथे केवळ क्रमांकावरून भागाचे वय कळत नाही. त्यासाठी एंजिन, गिअरपेटी इत्यादींची स्वतंत्र नोंद आवश्यक ठरते. १९७० नंतर आलेल्या, मागे एंजिन असलेल्या गाड्या या पद्धतीत नीट बसल्या नाहीत. ऑल्डनमची कार्यशाळा १९८६ मध्ये बंद झाली.

भारत : तत्कालीन मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर शासकीय बससेवा सुरू झाली. या सेवेचा वारसा असलेल्या महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात दैनंदिन देखभाल आगारांत, तर मोठी कामे विभागीय आणि दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळांत करण्याची पद्धत रुढ झाली. देशातील राज्य परिवहन उपक्रमांच्या कामगिरीची तुलना करताना दर १०,००० किमी. धावेमागील बिघाड व दर लिटर डीझेलमागील धाव हे मापदंड वापरले जातात. या क्षेत्रातील प्रशिक्षण व संशोधनासाठी १९६७ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था स्थापन झाली.

नोंदींचे विश्लेषण : अमेरिकेतील मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथील बससेवेत हॅरल्ड झर्चर हे देखभाल-अधीक्षक होते. तेथील १६२ गाड्यांच्या डिसेंबर १९७४ ते मे १९८५ या काळातील मासिक धावेच्या व एंजिनबदलाच्या नोंदी जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासल्या व १९८७ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. एंजिन बदलण्याचा खर्च एका बाजूला आणि वाढता देखभालखर्च व अकस्मात बिघाडाची हानी दुसऱ्या बाजूला ठेवून झर्चर दरमहा निर्णय घेतात, असे गृहीत धरून त्यांनी गणिती प्रतिमान मांडले. अधीक्षकाला दिसणारी, पण नोंदवहीत न उतरणारी परिस्थिती त्यांनी प्रतिमानात मुद्दाम समाविष्ट केली.

पुढे एंजिनात बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक संवेदकांमुळे तापमान, तेलाचा दाब व दोषसंकेत आपोआप नोंदले जाऊ लागले. तथापि, नोंद खरी असेल व ती दुरुस्तीचा निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचत असेल, तरच तिचा उपयोग होतो. चालकाने सांगितलेली तक्रार व कारागिराला जाणवलेला बदलता आवाज हीदेखील माहितीच होय. तिला नोंदवहीत जागा देणारी व्यवस्थाच अधिक विश्वसनीय ठरते.