वृद्धांची गृहसेवा आणि तिचे मोल : एक ऐतिहासिक मागोवा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गतकाळातील उत्सव, नाटके, व्याख्यानमाला आणि वास्तुनिधी यांचा इतिहास यावा हे उचितच आहे. परंतु प्रत्येक मंडळाला आणखी एक इतिहास असतो, आणि तो सभासदांच्या घरांत घडतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी नोकरी-व्यवसायानिमित्त परप्रांतात बिऱ्हाड मांडले आणि हाती पावतीपुस्तक घेऊन वर्गणी गोळा केली, ती पिढी आज पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहे. त्यांची मुले पुन्हा दूरच्या शहरी किंवा परदेशी आहेत. अशा वेळी घरातील वृद्धांची शुश्रूषा कोणी करावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आज बहुतेक बृहन्महाराष्ट्रीय कुटुंबांपुढे उभा आहे. हा प्रश्न आजच उद्भवला, पूर्वी तो नव्हताच, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे हे इतिहासाच्या आधारे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकत्र कुटुंबात वृद्धांची सेवा आपोआप होत असे, असे आपण अभिमानाने सांगतो. सेवा होत असे हे खरे. ‘आपोआप’ हा शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. ती सेवा घरातील सुना करीत, आणि त्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याहूनही अधिक, बालपणीच वैधव्य आलेली एखादी आत्या किंवा काकू करीत असे. सोवळ्यातला स्वयंपाक, आजाऱ्याची उशापायथ्याची सेवा, रात्रीची जागरणे, लहान मुलांचे संगोपन हे सारे तिच्या वाट्याला येई. त्याबदली तिला दोन वेळचे अन्न आणि वर्षाकाठी एखादे लुगडे मिळे. घराच्या जमाखर्चात या श्रमाची नोंद कोठेही होत नसे. म्हणजे सेवेचे मोल तेव्हाही दिले जात होतेच. ते कुटुंबातील सर्वांत निराधार व्यक्ती आपल्या आयुष्याने देत होती.

राजसत्ताही या बाबतीत अगदी उदासीन नव्हती. मराठेशाहीत रणांगणावर पडलेल्या शिपायांच्या कुटुंबियांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून देण्याची रीत होती. विद्वान ब्राह्मणांना वर्षासने मिळत. परंतु हे सारे राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. इंग्रजी अमलात सरकारी नोकराला निवृत्तिवेतन मिळू लागले, पण त्यामागची दृष्टी फारशी निराळी नव्हती. १८७१ च्या पेन्शन कायद्याने सरकारने दिलेल्या पेन्शनविषयीचे दावे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. पेन्शन ही सरकारची कृपा आहे आणि कृपेविरुद्ध दाद मागता येत नाही, असाच त्याचा अर्थ होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने १८८० हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी टपालखात्याने मनीऑर्डरची व्यवस्था सुरू केली. कोकणातून मुंबईस गेलेला चाकरमानी आणि देशावरून इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर अथवा नागपूर येथे गेलेला कारकून, या सर्वांना गावच्या वृद्ध मातापित्यांसाठी दरमहा काही रुपये निश्चितपणे पाठविता येऊ लागले. काशीवासासाठी गंगातीरी जाऊन राहिलेल्या वृद्धांचा निर्वाहही मुलांनी पाठविलेल्या अशा पैशावर चालू शकला. पैसा पाठविणारा एकीकडे आणि सेवा करणारा दुसरीकडे, अशी विभागणी येथून रूढ होऊ लागली. आज परदेशातून बँकेमार्फत पैसे पाठविणारा मुलगा त्या मनीऑर्डरचाच वंशज म्हटला पाहिजे.

सेवा करणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात पालट घडविणारी घटना पुण्यात झाली. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुणे सेवासदन स्थापन केले. तेथील उपक्रमांत स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची योजना होती आणि त्यासाठी विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात पाठविले जाई. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीने, त्यातून विधवेने, परक्या रुग्णाची सेवा करावी ही कल्पना त्या काळच्या समाजाला मानवणारी नव्हती. जी स्त्री घरात हीच सेवा विनामूल्य करीत होती, तिने ती शिकून, वेतन घेऊन करावी यालाच लोकांचा विरोध होता. रमाबाईंनी तो धीराने सोसला. शुश्रूषा हे शिकण्याजोगे शास्त्र आहे आणि त्याचे वेतन घेण्यात लाज नाही, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्याच्या श्रेयात त्यांचा वाटा मोठा आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा होऊन परिचारिकांच्या शिक्षणाला देशभर एकसूत्रता आली. मात्र ती रुग्णालयातील परिचारिकेपुरती राहिली. घरी येऊन वृद्धांना आंघोळ घालणारी, भरविणारी, कुशीवर वळविणारी स्त्री त्या कक्षेबाहेरच राहिली, आणि पुष्कळ अंशी आजही बाहेरच आहे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे आकारमानच बदलले. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. १९६१ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोक सुमारे अडीच कोटी होते, ते २०११ मध्ये दहा कोटींच्या वर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ साठी हा आकडा सुमारे १४.९ कोटी दिला असून, २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांत एक वृद्ध असेल असा अंदाज वर्तविला आहे. पूर्वी घरात एखादी वृद्ध व्यक्ती अंथरुणाला खिळली तर ती बहुधा काही आठवड्यांची किंवा महिन्यांची बाब असे. आता पक्षाघात, स्मृतिभ्रंश, कंपवात यांसारख्या व्याधींत ती अनेक वर्षांची बाब होते. त्याच काळात मुली शिकल्या, सुना नोकरी करू लागल्या, आणि निराधार विधवा आत्या घरात उरली नाही. तशी ती उरू नये यासाठीच तर आपल्या समाजसुधारकांनी आयुष्ये वेचली. म्हणून पूर्वीची सेवा राहिली नाही याबद्दल सुनांना दोष देणे अन्यायाचे आहे.

या बदलत्या परिस्थितीत कायद्याने काय केले? १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्याने वृद्ध व दुर्बल मातापित्यांच्या पोषणाचे उत्तरदायित्व पुत्र आणि कन्या या दोघांवरही टाकले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात पत्नी व मुले यांच्या जोडीला मातापित्यांचाही समावेश झाला. २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, परंतु ही तरतूद तीत कायम आहे. विवाहित कन्येवर हे बंधन आहे काय, असा प्रश्न महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, न्यायालयाने १९८७ मध्ये ‘होय’ असे उत्तर दिले. पुढे २००७ मध्ये मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषण व कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार वृद्धाला स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्जदार राहतो त्या जिल्ह्यात, किंवा मुले राहतात त्या जिल्ह्यात, कोठेही हा अर्ज चालतो. दूरदेशी कुटुंबांनी ही सोय ध्यानात ठेवावी. अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर वैद्यकीय शुश्रूषा व उपचार हेही कायद्याने पोषणात धरले आहेत. निःसंतान वृद्धाची मालमत्ता ज्या नातलगास मिळावयाची, त्याच्यावरही ही जबाबदारी आहे. मात्र दरमहा मिळू शकणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा मूळ कायद्यात दहा हजार रुपये घातली आहे. शहरात अहोरात्र मदतनीस ठेवावयाचा झाल्यास एवढ्या रकमेत भागत नाही हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. घरपोच सेवा पुरविणाऱ्या संस्थांवर नियंत्रण आणण्याची तरतूद त्यात होती. परंतु ते संमत होण्यापूर्वीच २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली.

पेन्शनच्या इतिहासात १७ डिसेंबर १९८२ हा दिवस संस्मरणीय ठरला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात, पेन्शन ही कृपा अथवा बक्षिसी नसून पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, असा निर्वाळा दिला. १८७१ च्या दृष्टीला हे शंभर वर्षांनी मिळालेले उत्तर होते. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय पेन्शनरांना वयाच्या ऐंशीव्या वर्षी मूळ पेन्शनच्या वीस टक्के जादा रक्कम मिळू लागली. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंचाण्णवला पन्नास आणि शंभरीला शंभर टक्के, अशी ही वाढ चढत जाते. वय वाढते तसा परावलंबनाचा खर्च वाढतो, हे सत्य नियमांत येथे प्रथमच ठळकपणे उतरले. सेवेच्या कारणाने संपूर्ण अपंगत्व आलेल्या व पूर्णतः परावलंबी झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नित्य मदतनिसासाठी वेगळा भत्ताही मिळतो. पण हे सारे भाग्य संघटित नोकरीतील थोड्यांचे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत दरमहा दोनशे रुपये आणि त्यानंतर पाचशे रुपये इतकाच राहिला. राज्ये त्यात आपापली भर घालतात. १९८६ मध्ये आलेला मेडिक्लेम विमा आणि २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्वांना लागू झालेली आयुष्मान भारत योजना यांचा मुख्य भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. रुग्ण घरी परतल्यानंतर त्याची उठबस करणाऱ्या बाईचा पगार बहुतेक कुटुंबांना स्वतःच्याच खिशातून द्यावा लागतो.

अन्य देशांनी या बाबतीत निराळा मार्ग धरला. जर्मनीने १९९५ मध्ये परिचर्येचा सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला; त्यातून घरी सेवा करणाऱ्या नातलगासाठीही रोख साहाय्य मिळू शकते. जपानने २००० मध्ये असाच विमा आणला आणि चाळीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकास वर्गणी भरण्यास लावले. तरुणपणी थोडे थोडे सर्वांनी द्यावे आणि वार्धक्यात ज्याला गरज पडेल त्याने घ्यावे, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. आपल्या भिशीला आणि पतपेढीला ते अपरिचित नाही.

आपल्याच देशात केरळने याहून वेगळा धडा घातला. १९९३ मध्ये कालिकत येथे वेदनाशमन आणि परिहारक सेवेची संस्था निघाली. पुढे मलप्पुरम व आसपासच्या भागांत गावोगावच्या स्वयंसेवकांनी, लोकांच्या लहान लहान देणग्यांवर, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका पाठविण्याची पद्धत बसविली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याविषयी धोरण जाहीर केले आणि पंचायतींनी हे कार्य हाती घेतले. येथे सारा भार एकट्या कुटुंबावर नाही, आणि सारे सरकारवर सोपवून शेजारी मोकळे झाले असेही नाही.

इतरत्र मात्र हा व्यवहार बाजारावर सोपविला गेला आहे. मुंबई-पुण्यात ‘ब्यूरो’, कोलकात्यात ‘आया सेंटर’, केरळात ‘होम नर्स’ पुरविणाऱ्या संस्था, अशी नावे निराळी असली तरी पद्धत सारखीच. बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीचा दर ठरतो, संस्था आपले कमिशन घेते आणि उरलेले बाईच्या हाती पडते. या बाईला आपण ‘मावशी’ म्हणतो. संबोधन गोड आहे. पण तिला आठवड्याची सुट्टी आहे काय, रात्री झोपावयास जागा आहे काय, तिच्या स्वतःच्या वार्धक्याची तरतूद काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, हे योग्य दिशेचे पाऊल होते. पूर्वी आत्याच्या मूक श्रमांवर आपण घर चालविले. आता परक्या घरच्या मावशीच्या अपुऱ्या वेतनावर ते चालवू लागलो, तर शंभर वर्षांच्या सुधारणेतून आपण काय शिकलो, असा प्रश्न पुढची पिढी विचारील.

या इतिहासातून मंडळाने काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे वृद्ध सभासदांची सूची : कोण एकटे राहते, कोणाची मुले दूर आहेत, कोणास कोणते औषध चालू आहे. दुसरी गोष्ट म्हणजे विश्वासू मदतनिसांची माहिती, त्यांचा प्रचलित दर आणि कामाच्या अटी लेखी ठेवणे. त्यामुळे दूरच्या मुलाची फसवणूक टळेल आणि मावशीचीही. तिसरी गोष्ट म्हणजे केरळच्या धर्तीवर छोटा शुश्रूषा-निधी. ज्या मंडळांनी घरोघर हिंडून रुपया-रुपयाने वास्तुनिधी उभारले, त्यांना हे अशक्य नाही. ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय साहाय्य-दूरध्वनी १४५६७ हा आहे. तो प्रत्येक घरी लिहून ठेवावा. आणि घराघरांतून, आजारपण येण्यापूर्वीच, भावाबहिणींनी एकत्र बसून कोण वेळ देणार आणि कोण पैसा देणार, हे मोकळेपणाने ठरवावे. पैसा देणाऱ्याने वेळ देणाऱ्यावर उपकार केल्याची भाषा करू नये, हे मात्र पथ्य पाळावे.

परप्रांतात आलेल्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी भाड्याची खोली आणि जेवणाची सोय मंडळातील कोणीतरी दाखविली होती, अशी आठवण अनेक ज्येष्ठ सांगतात. आयुष्याच्या सायंकाळी त्यांचा हात धरण्याचे कामही मंडळाकडे यावे, हे त्या आरंभाला साजेसेच होईल. शतकमहोत्सवी स्मरणिका जेव्हा निघेल, तेव्हा तीत उत्सवांच्या वृत्तांताबरोबर या कार्याचाही वृत्तांत असावा, हीच सुवर्णमहोत्सवाच्या शुभप्रसंगी सदिच्छा.