बेतलेल्या स्वयंपाकघराची कुळकथा

जुन्या घराच्या डागडुजीचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड बहुधा स्वयंपाकघरावरच पडते. सुताराला बोलावणे धाडले जाते, भिंतींची मापे घेतली जातात, ट्रॉल्या किती, ड्रॉवर किती आणि सनमायका कोणत्या रंगाचे याविषयी दोन-चार संध्याकाळी खल होतो. परंतु भिंतीच्या मापाबरहुकूम कपाटे बेतून घेण्याचा हा रिवाज मुळात आला कोठून, याची चौकशी करावी असे कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक या घराण्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. कारण तिच्यात मूळपुरुषाच्या जागी तीन स्त्रिया आहेत आणि तिघींपैकी एकीनेही हातात रंधा धरलेला नव्हता.

पहिली अमेरिकेतील कॅथरिन बीचर. ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो ही तिची धाकटी बहीण. या दोघी भगिनींनी 1869 साली गृहव्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कॅथरिनने आगबोटीवरील मुदपाकखान्याचा दाखला दिला आहे. दोनशे माणसांचे अन्न जेथे इवल्याशा जागेत शिजते आणि प्रत्येक जिन्नस आचाऱ्याच्या हाताशी असतो, तेथे घरातल्या गृहिणीने मात्र एका टोकाची कणीक दुसऱ्या टोकाच्या पाण्यापाशी का न्यावी, असा तिचा रोकडा सवाल होता. तिने खिडकीखाली सलग ओटा कल्पिला, त्याच्या पोटात पिठाचे खण योजले आणि वर फळ्या मांडल्या. बाई आजन्म अविवाहित राहिली, हे तिच्या टीकाकारांनी सांगण्याआधीच सांगून टाकलेले बरे.

दुसरी क्रिस्टीन फ्रेडरिक. कारखान्यातील मजुराच्या हालचाली घड्याळ लावून मोजण्याचे फ्रेडरिक टेलरचे शास्त्र त्या वेळी नवे होते. ते तिने 1912 मध्ये एका महिला मासिकातील लेखमालेतून चुलीपाशी आणले. नुसती भांडी धुताना आपण ऐंशी निरर्थक हालचाली करीत होतो, असा जबाब तिने स्वतःविरुद्धच नोंदविला. भांडी धुण्याच्या मोरीची व मेजाची उंची काम करणारीच्या उंचीवरून ठरवावी, हाही तिचाच आग्रह. तिच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद पहिल्या महायुद्धानंतर लवकरच झाला, आणि तेथून या कथेचे मुख्य प्रकरण सुरू होते.

महायुद्धाने खंक झालेल्या जर्मनीत घरांची भीषण टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराच्या गृहनिर्माणाचा कारभार एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाकडे होता; त्याने 1926 साली व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद स्त्रीला पाचारण केले. तिच्या वाट्याला आलेली जागा सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या अडगळीच्या खोलीएवढी. तिने आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघराचा अभ्यास केला, हातात घड्याळ घेऊन कामांचा काळ मोजला आणि चुलीपासून जेवणाच्या मेजापर्यंतचे अंतर तीन मीटरच्या आत ठेवण्याचा नियम घालून घेतला. खिडकीशी कामाचे मेज व त्यापुढे फिरते बसके स्टूल. मेजालाच भाजीची साले ढकलण्यासाठी केलेले, सहज काढून घेता येणारे पन्हाळे. भिंतीला दुमडून ठेवता येणारी इस्त्रीची फळी. आणि डाळ-तांदूळ-साखरेसाठी नावे कोरलेले, मूठ आणि चोच असलेले ॲल्युमिनियमचे छोटे खण, असे की ते ओढून काढावेत आणि थेट पातेल्यात रिते करावेत. पीठ मात्र ओकच्या लाकडात, कारण त्याने कीड दूर राहते असा समज. आणि कपाटांना निळसर हिरवा रंग, कारण त्यावर माश्या बसत नाहीत असा दुसरा समज. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे शहराने बसविली आणि त्यांचा खर्च भाड्यात धरला. गंमत अशी, की या विदुषीने पुढे स्वतःच सांगून टाकले, की ते स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता.

भाडेकरूंच्या तक्रारी यायला उशीर लागला नाही. त्या खोलीत एकाच माणसाला काम करता येई. पोरे शेजारच्या खोलीत काय करतात यावर लक्ष ठेवणे कठीण होई. आणि खणांवरील नावे एका ठरावीक संसाराची असल्यामुळे ज्याच्या घरी निराळे खाणे त्याची पंचाईत. मापे अचूक होती. फक्त ती काल्पनिक गृहिणीची होती. लिहोत्स्कीचे पुढील आयुष्य मात्र ओट्यापुरते राहिले नाही: नाझी राजवटीविरुद्धच्या कार्यात 1941 साली ती पकडली गेली, चार वर्षे तुरुंगात काढून महायुद्धाच्या अखेरीस सुटली, आणि 2000 साली जानेवारीत, वयाच्या एकशे तिसऱ्या वाढदिवसाला अवघे पाच दिवस उरले असता निवर्तली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेतलेल्या स्वयंपाकघराची ही कल्पना स्वीडनमार्गे परत जर्मनीत आली आणि कारखान्यांच्या ताब्यात गेली. लाकडाच्या भुशाचे तक्ते निघाले, छिद्रे पाडणारी यंत्रे आली, कपाटाच्या बाजूला 32 मिलिमीटर अंतराने छिद्रांच्या रांगा पडू लागल्या, आणि कपाट 60 सेंटिमीटर खोल असावे हा जणू सरकारी हुकूम झाला.

आपल्याकडील गोष्ट निराळी. पाटावर बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या भोवती चूल व वैल, मिसळणाचा डबा, विळी, पाण्याची कळशी, मागे भिंतीत फडताळ आणि डोक्यावर शिंकाळे, असा पुष्कळसा संसार हाताच्या टप्प्यात असे. धूर आणि पाठदुखी या दोन गोष्टी सोडल्या तर बीचरबाईला त्यात थोडेच दोष सापडले असते. स्टोव्ह आणि पुढे गॅस आला, बाई उभी राहिली आणि ओट्याखाली एक अंधारी पोकळी निर्माण झाली. कडाप्प्याच्या उभ्या फरशांचे कप्पे करून त्यांपुढे पडदा सोडायचा आणि मागचा डबा काढण्यासाठी गुडघे टेकायचे, यात एक पिढी गेली. त्या पोकळीत पोलादी तारांच्या ट्रॉल्या सरकल्या तेव्हा मराठी गृहिणीला खरा दिलासा मिळाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु छापील नमुन्याप्रमाणे केलेल्या ट्रॉलीत परात मावत नाही, कुकरचे झाकण वरच्या तारांना अडते आणि मग ही भांडी पुन्हा ओट्यावरच मुक्काम करतात, हाही अनुभव घरोघरीचा.

म्हणून सुताराशी दराची बोलणी करण्यापूर्वी घरातील मोठ्यात मोठी परात, कढई आणि कुकर जमिनीवर मांडून त्यांची मापे कागदावर उतरवावीत. ओट्यापाशी सर्वांत अधिक वेळ जी व्यक्ती उभी राहते, तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून ओटा त्याच्या चार-पाच इंच खाली ठेवावा. आणि सनमायकाचे नमुने त्यानंतरच उघडावेत.