नऊशे नव्याण्णव वर्षांचा करार

मागच्या डिसेंबरात मुन्नार-थेक्कडी केलं. थेक्कडीला पेरियारच्या तलावात बोटिंग हे ठरलेलंच असतं. हत्ती दिसेल या आशेने काठाकडे डोळे लावून बसलो, पण हत्ती काही आले नाहीत. दिसली ती पाण्यातून डोकं वर काढून उभी असलेली वाळकी झाडं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही मेलेली झाडं काढत का नाहीत हो?" बोटवाला म्हणाला, "धरणाच्या आधीची आहेत." आणि धरण झालं १८९५ साली! म्हणजे सव्वाशेच्या वर वर्षं ही खोडं पाण्यात उभी आहेत. ते काही डोक्यातून जाईना. परत आल्यावर दोन-तीन वीकएंड वाचण्यात घातले, त्याची ही गोष्ट.

आधी भूगोल. तिथला घाटही आपल्यासारखाच वागतो. पश्चिमेला धो धो पाऊस, पूर्वेला पर्जन्यछाया. पेरियार नदी पश्चिमेकडे वाहत अरबी समुद्राला मिळते. डोंगराच्या पलीकडे मदुराईवरून जाणारी वैगई, बरेच महिने कोरडी. मग पेरियार अडवून, डोंगर फोडून तिचं पाणी वैगईत का सोडू नये? ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होती. १८०८ मध्ये कॅल्डवेल नावाच्या अधिकाऱ्याने पाहणी केली आणि हे काही व्हायचं नाही असा शेरा मारला. १८६७ मध्ये मेजर राइव्ह्जने पुन्हा आराखडा मांडला. फाइल फिरत राहिली. मग १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला, मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली, आणि फाइल हलली. १८८२ मध्ये सुधारित आराखड्याचं काम जॉन पेनीक्विककडे आलं. हा गोरा साहेब जन्माने पुणेकर बरं का, १८४१ चा! आता पुणेकराला कुणी "होणार नाही" म्हटलं की काय होतं ते मी सांगायला नको.

त्याच्या आराखड्यातली गंमत बघा. १७६ फूट उंच धरण, पण पाणी जायचं ते धरणाच्या पुढे नाही, मागे. नदी अडवून तिची पातळी इतकी वाढवायची की पाणी उलटं पूर्वेकडे सरकेल, आणि बोगद्यातून घाटाखाली उतरून वैगईच्या खोऱ्यात जाईल. पातळी साधारण १०४ फुटांच्या वर असेल तरच बोगद्यात पाणी शिरतं. खालचं सगळं पाणी वरच्याला उचलून धरण्यापुरतं! चुना-सुरखीचं बांधकाम, घनदाट जंगल, मलेरिया, वाहून जाणारे बंधारे. कित्येक मजूर तिथेच गेले. १८८७ ला सुरू झालेलं काम १८९५ मध्ये संपलं.

पण मला धरणापेक्षा करार जास्त अडकवून गेला. जागा त्रावणकोर संस्थानची, पाणी हवं मद्रास सरकारला. २९ ऑक्टोबर १८८६ रोजी भाडेपट्टा झाला. ८,००० एकर, एकरी ५ रुपये, म्हणजे वर्षाला ४०,००० रुपये. मुदत ९९९ वर्षं! म्हणजे २८८४ सालापर्यंत. आमच्याकडे तीन वर्षांचा मेंटेनन्स करार करताना दोन्हीकडचे वकील महिनाभर भांडतात.

आणि मग जे व्हायचं ते झालं. स्कोप वाढला. पाणी एवढ्या उंचीवरून खाली पडतंय म्हटल्यावर मद्रासला वीज दिसायला लागली. त्रावणकोरने विचारलं, पट्टा सिंचनाचा होता ना? प्रकरण लवादाकडे गेलं. १९४१ मध्ये पंच सर नलिनी रंजन चॅटर्जींनी निर्णय दिला, की मद्रासचा हक्क सिंचनापुरताच आहे. वीजघर झालं ते स्वातंत्र्यानंतर, १४० मेगावॉटचं, घाटाच्या पायथ्याशी लोअर कॅम्पला. कागद मात्र १९७० च्या पुरवणी कराराने पूर्ण झाले. तेव्हा एकरी भाडं ५ चं ३० रुपये झालं आणि विजेचे पैसे वेगळे ठरले. एका कामासाठी आखलेली योजना बहुउद्देशीय व्हायला पाऊण शतक लागलं.

तिसरा उद्देश तर कुणी लिहिलाच नव्हता: खाली राहणाऱ्यांची सुरक्षितता. १९७९ मध्ये मोरवीचं मच्छू धरण फुटलं आणि केरळमध्ये या जुन्या धरणाची धास्ती वाढली. त्याच वर्षी पातळी १३६ फुटांवर आणली गेली, धरण मजबूत करायचं काम सुरू झालं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने १४२ फुटांना परवानगी दिली, केरळने कायदा बदलून ती अडवली, २०१४ मध्ये कोर्टाने तो बदल रद्द केला. भांडण आजही मिटलेलं नाही. धरण केरळात, चालवतं तामिळनाडू.

यात खलनायक शोधायला गेलो आणि सापडला नाही. थेनी जिल्ह्यातले शेतकरी १५ जानेवारीला पेनीक्विकचा वाढदिवस करतात, घरात त्याचा फोटो लावतात. त्यांच्या भातशेतीत त्याचं पाणी आहे, ते का नाही लावणार? आणि इडुक्कीतली एखादी आई मुसळधार पावसात रात्री जागी राहत असेल, तर तिला तरी कोण दोष देईल? दोघंही खरे. दोघंही त्या करारात कुठेच नव्हते.

आपल्याकडेही कोकणातलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवायच्या योजना आहेत, आणि मराठवाड्याची तहान काही खोटी नाही. पूर्वी अशी बातमी वाचली की मी बोगद्याची लांबी आणि टीएमसी शोधायचो. आता आधी हे शोधतो, की पाणी कशासाठी, किती वर्षांसाठी, आणि पुन्हा एकत्र बसून करार तपासायची तारीख ठरली आहे का. बोगदा इंजिनियर खणतील हो. ती तारीख टाकायचं मात्र १८८६ मध्ये कुणालाच सुचलं नाही.

असो. उद्या सोमवार. थेक्कडीला गेलात तर हत्ती दिसो न दिसो, ती झाडं मात्र नीट बघून या.