कितवा कॅम्प?

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघालेली लोकल विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही दोन स्थानके घेऊन अंबरनाथला येते आणि तिथून पुढे बदलापूरला जाते. या पट्ट्यातच माझे सारे आयुष्य गेले. लहानपणी अंबरनाथला आमच्याकडे लग्नाची खरेदी निघाली की आई म्हणे, “उद्या कॅम्पात जायचंय.” ‘उल्हासनगरला’ असे ती कधी म्हणाली नाही आणि ‘कॅम्पमध्ये’ असेही नाही. परक्या शब्दाचे सामान्यरूप होऊन त्याला थेट सप्तमीचा प्रत्यय लागतो, तेव्हा तो शब्द पाहुणा राहिलेला नसतो.

आजही उल्हासनगरात रिक्षात बसले की पहिला प्रश्न येतो, “कितवा कॅम्प?” उत्तरही आकड्यातच द्यायचे असते : तीन नंबर, पाच नंबर. कॅम्प म्हणजे आज आहे आणि उद्या उठणार, अशी जागा. मग पाऊणशे वर्षे नांदते शहर स्वतःला कॅम्प का म्हणवते?

मराठीत या अर्थाच्या शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. आपल्या राज्याचा निम्मा इतिहास घोड्याच्या पाठीवर आणि तंबूत घडला, त्यामुळे मुक्कामाचे शब्द आपल्याकडे भरपूर. ‘तळ’ पडतो, दिला जातो, ठोकला जातो. ‘गोट’ हा फौजेच्या मुक्कामाचा शब्द. साताऱ्यात ‘रामाचा गोट’ ही वस्ती अजून आहे आणि वर्तमानपत्रांतल्या ‘विरोधी गोटात’ तो रोज भेटतो. ‘छावणी’च्या मुळाशी छावणे, म्हणजे शाकारणे आहे. पावसाळ्यात मोहिमा थांबत, फौज एके ठिकाणी छपरे घालून राही, ती छावणी. ‘लष्कर’ फारसीतून आले. ते फौजेचेही नाव झाले आणि फौज राहते त्या जागेचेही. पुण्यात लष्कर आणि कॅम्प ही एकाच भागाची दोन नावे आहेत.

‘कंपू’ची कथा तर थेट आपल्या विषयाशी जुळते. महादजी शिंद्यांनी डी बॉइनकडून युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी तयार करून घेतल्या, त्यांना कंपू म्हणत. इंग्रजी ‘कॅम्प’, पोर्तुगीज ‘काम्पो’, कॉलेजचा ‘कॅम्पस’ आणि आपला ‘कंपू’ हे एकाच कुळातले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोकळे मैदान. पुढे पलटणी गेल्या आणि कंपू म्हणजे आपापसांत साटेलोटे करणारी टोळी एवढाच अर्थ उरला. ‘शिबिर’ संस्कृतात फौजेच्या तळाचेच नाव, पण आज ते रक्तदानाचे किंवा संस्कारांचे असते.

तळाचे शहर होणे हेही नवे नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला, तो उठलाच नाही. त्याचेच ‘लश्कर’ हे शहर झाले. इंग्लंडमधल्या मँचेस्टर, लँकेस्टर या नावांच्या शेपटात रोमन फौजेच्या ठाण्याचा ‘कास्त्रा’ हा शब्द आहे. आमच्या बदलापूरचे नावसुद्धा, सुरतेच्या वाटेवर इथे घोडे बदलत म्हणून पडले, अशी लोकांची समजूत आहे. तिच्या खरेखोटेपणापेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते, की आपल्या गावाचा जन्म प्रवासातल्या मुक्कामातून झाला असे सांगण्यात इथल्या लोकांना कमीपणा वाटत नाही.

उल्हासनगरचा कॅम्प मात्र शिंद्यांच्या काळातला नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांच्या ये-जा मुक्कामासाठी मोठा तळ उभारला गेला : कल्याण ट्रान्झिट कॅम्प. सुमारे दोन हजार बराकी; बहुतेकींत मध्ये लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपले, तळ ओस पडला. फाळणीनंतर सिंधमधून बोटींनी आणि गाड्यांनी आलेल्या लोकांपैकी लाखाच्या आसपास माणसे याच बराकींत आणून ठेवली गेली. एका दालनात अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे किंवा जुन्या साडीचे पडदे. लष्करी व्यवस्थेतले कॅम्पांचे आकडे या कुटुंबांचे पत्ते झाले.

या माणसांसाठी मराठीने ‘निर्वासित’ हा शब्द वापरला, हिंदीने ‘शरणार्थी’. दुसरा त्यांना फार बोचला. आम्ही शरण आलेलो नाही, कष्ट करून उभे राहणार आहोत, म्हणून ‘पुरुषार्थी’ म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःबद्दलचा शब्द त्यांनी बदलायला लावला, जागेबद्दलचा नाही. हा फरक मला बोलका वाटतो. माणसाला लावलेले विशेषण त्याची पायरी ठरवते. जागेचे नाव कुठून सुरुवात केली, ते सांगते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. शेजारच्या उल्हास नदीवरून नाव आले उल्हासनगर. सरकारी कागद बदलले, तोंडातला शब्द बदलला नाही. उलट पुढे सरकारनेच आकडे जपले. १९७२ साली पिनकोड आले. उल्हासनगर १ ते ५ यांना ४२१००१ ते ४२१००५ हे क्रमांक मिळाले. शेवटचा अंक पाहिला की कॅम्प कळतो.

असे हे एकटेच गाव नाही. ‘पिंपरी कॅम्प’, ‘चेंबूर कॅम्प’ ही नावेही सिंधी निर्वासितांच्या वसाहतींमुळेच बोलण्यात राहिली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ पासून पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसे राहत होती. १९४८ पर्यंत ती गेली आणि त्याच जागी सिंधी कुटुंबे आली. तिथल्या वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले.

उल्हासनगरच्या वाट्याला शब्दाबरोबर हेटाळणीही आली. ‘कॅम्पचा माल’ म्हणजे नकली, असे आमच्याकडे सर्रास म्हणत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तर महाराष्ट्रभर फिरला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो आणि आमच्या घरचे लग्नाचे कपाट, पलंग आणि शालू त्याच कॅम्पातून आले होते.

पण हा केवळ थट्टेचा विषय नाही. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याखाली बराकी आणि जमिनी लोकांच्या नावावर होऊ लागल्या. मालकीच्या त्या कागदाला इथे आजही ‘सनद’ म्हणतात. ज्यांची सनद झाली ते मालक, ज्यांची राहिली ते नुसते राहणारे. बराकींच्या जागी मजले चढत गेले, परवानगी असो वा नसो. पुढे न्यायालयाच्या आदेशाने ८५५ बेकायदा इमारती पाडण्याची वेळ आली, तेव्हा २००६ साली या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जिथे राहायची सोय तात्पुरती म्हणून झाली, तिथे घर कायमचे आहे हे सिद्ध करण्यात दोन पिढ्या गेल्या.

आता बराकी फार थोड्या उरल्या आहेत. तरीही पाचमजली इमारतीच्या पत्त्यात ‘बराक नंबर’ लिहिलेला दिसतो. टपाल त्यावर बरोबर पोहोचते. उल्हासनगरला कॅम्प म्हणू नये, त्यात शहराचा अपमान आहे, असे सुचवणारी माणसे मला भेटतात. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ‘लश्कर’ म्हटल्याने ग्वाल्हेरकरांचा अपमान होत नाही आणि ‘रामाचा गोट’ म्हटल्याने सातारकरांचा होत नाही. अपमान शब्दात नव्हता, आमच्या म्हणण्याच्या सुरात होता. बदलायचा असेल तर तो सूर बदलावा. आई ‘कॅम्पात’ म्हणायची त्यात तो कधीच नव्हता.