साखरेची वाटणी कोण करतं?



रेशनच्या दुकानात साखर कशी वाटायचे, ते आपल्याला पाठ आहे. कार्ड कोणत्या रंगाचं, घरात माणसं किती, हे बघून माप ठरायचं. पण देशादेशांतही साखरेची अशी वाटणी होते, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? आज आम्ही तिचा इतिहास सांगणार आहोत. गोष्ट मुख्यतः अमेरिकेची आहे, कारण ही वाटणी तिथे नव्वद वर्षांपासून चालत आली आहे.

आधी ही पद्धत समजून घेऊ. अमेरिकेत ऊस पिकतो, साखरेचं बीटही पिकतं. तिथल्या शेतकऱ्याला आणि कारखानदाराला चांगला भाव मिळावा म्हणून सरकार बाहेरची साखर मोजूनमापून आत घेतं. कोणत्या देशाने वर्षाला किती टन पाठवायची, ते ठरवून दिलेलं असतं. यालाच कोटा म्हणतात. आज कोट्यातली साखर कमी जकात भरून आत जाते. कोट्याबाहेरच्या साखरेवर इतकी जकात बसते की ती पाठवणं सहसा परवडत नाही. अमेरिकेतला भाव जगाच्या बाजारापेक्षा बहुतेक वेळा बराच चढा असतो. त्यामुळे कोटा मिळाला म्हणजे चढ्या भावाचं गिऱ्हाईक मिळालं. कोटा गेला की तीच साखर पडेल त्या भावाने विकायची.

याची सुरुवात 1934 साली झाली. जगभर मंदी होती, साखरेचे भाव कोसळले होते. अमेरिकेने जोन्स-कॉस्टिगन नावाचा कायदा केला. देशाला वर्षाला किती साखर लागेल याचा अंदाज शेतकी खात्याने बांधायचा आणि मग वाटण्या पाडायच्या. काही वाटा आपल्या बीटवाल्यांना, काही आपल्या ऊसवाल्यांना, काही हवाई आणि पोर्टो रिको या बेटांना, काही फिलिपाइन्सला, काही क्यूबाला. वाटा कसा ठरवला? मागच्या वर्षांत कोणी किती साखर विकली होती, ते बघून. रेशनला खाणारी तोंडं मोजतात, इथे जुन्या विक्रीच्या वह्या बघितल्या.

क्यूबा हे अमेरिकेच्या दारातलं बेट. अमेरिकेत खपणाऱ्या साखरेतली साधारण तिसरा हिस्सा साखर तिथून यायची. सगळं बेट उसावर उभं होतं. 1959 मध्ये तिथे क्रांती झाली, फिडेल कॅस्ट्रोचं सरकार आलं. त्याने मोठ्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्यांत अमेरिकन कंपन्यांच्याही होत्या. भांडण वाढत गेलं. जुलै 1960 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्यूबाच्या त्या वर्षीच्या उरलेल्या कोट्यातून सात लाख टन कापले. वर्ष संपता संपता पुढचा कोटा शून्यावर आणला. क्यूबाचा वाटा दुसऱ्या देशांत वाटून टाकला. क्यूबाची साखर मग सोव्हिएत रशियाने घ्यायला सुरुवात केली आणि तीस वर्षं घेतली. 1991 मध्ये सोव्हिएत संघच मोडला, आणि क्यूबाचं दुसरं गिऱ्हाईकही गेलं. 2002 साली क्यूबाने आपल्या 156 साखर कारखान्यांपैकी 71 बंद करायचं ठरवलं. कारखाना बंद पडला की गावाचं काय होतं, ते आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

अमेरिकेचा साखरेचा जुना कायदा 1974 अखेर संपला. काही वर्षं बाजार बराच मोकळा राहिला. 1982 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी कोटा परत आणला. आता वाटा कसा ठरवायचा? 1975 ते 1981 या मोकळ्या वर्षांत कोणत्या देशाने किती साखर विकली, ते बघितलं आणि त्या प्रमाणात वाटे ठरवले. वरवर पाहता हे न्यायाचंच वाटतं. पण वर्षभरातच दिसलं की मर्जी फिरली की हा न्यायही बाजूला ठेवता येतो. 1983 मध्ये निकाराग्वाच्या सरकारशी अमेरिकेचं बिनसलं. निकाराग्वाचा वाटा सुमारे 58,000 टन होता, तो 6,000 टनांवर आणला. कापलेला वाटा शेजारच्या होंडुरास, कोस्टा रिका आणि एल साल्वादोर या देशांना देऊ केला. गॅट या जागतिक व्यापाराच्या संघटनेने 1984 मध्ये हे नियमाला धरून नाही, असा निवाडा दिला. तरी निकाराग्वाचा वाटा तेव्हा परत मिळाला नाही. 1986 मध्ये वर्णभेदाच्या धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेचा वाटा काढून फिलिपाइन्सला दिला. या वेळी कारण चांगलं होतं, पण वाटा हलवण्याची रीत तीच.

आता या फिलिपाइन्सकडे जरा थांबून पाहू. तिथे नेग्रोस नावाचं बेट आहे. मोठमोठ्या जमीनदारांचे उसाचे मळे, आणि त्यांवर राबणारी भूमिहीन कुटुंबं. तोडणी संपली की पुढच्या हंगामापर्यंत काम नाही. त्या महिन्यांना तिकडचे लोक मेलेला काळ म्हणतात. अमेरिकेचं ठरलेलं गिऱ्हाईक होतं तोवर कसंबसं चालत होतं. 1974 मध्ये अमेरिकेशी असलेला जुना करार संपला. पुढे जगाच्या बाजारात भाव पडत गेले. त्यातच अमेरिकेत शीतपेयांच्या मोठ्या कंपन्या साखर सोडून मक्याच्या पाकाकडे वळल्या, आणि बाहेरच्या साखरेची गरज कमी झाली. 1983 च्या सुमाराला सगळ्या देशांचा मिळून कोटा साधारण 28 लाख टन होता, तो 1987 मध्ये दहा लाखांवर आला.

नेग्रोसमध्ये जमीनदारांनी मळे पडीक टाकले, मजुरांचं काम गेलं. 1985 मध्ये तिथे उपासमार झाली. हाडांचे सापळे झालेली मुलं दवाखान्यात येऊ लागली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफला मुलांना खाऊ घालायची सोय करावी लागली. एवढी सुपीक जमीन, पण मजुराच्या मालकीची गुंठाभरही नाही, म्हणून पोटापुरता भाजीपाला किंवा धान्य पिकवायची सोय नाही. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला एस्कलान्ते गावात मजूर आणि शेतकरी निदर्शनाला जमले असता त्यांच्यावर गोळीबार झाला, सुमारे वीस माणसं मेली.

आजचा तक्ता पाहिला तर 1975 ते 1981 ची सावली अजून दिसते. कोटा चाळीसेक देशांत वाटलेला आहे. काही वर्षांपूर्वीच्या वाटपात सर्वांत मोठा वाटा डोमिनिकन रिपब्लिकचा, 1,85,335 टन. जगात सर्वांत जास्त साखर निर्यात करणाऱ्या ब्राझीलला 1,52,691 टन, फिलिपाइन्सला 1,42,160 टन. डोमिनिकनच्या शेजारी, त्याच बेटावर असलेल्या गरीब हैतीला 7,258 टन. त्या जुन्या वर्षांत ज्याची विक्री थोडी, त्याचा वाटा कायमचा थोडा.

त्याच वाटपात आपल्या भारताचा वाटा 8,424 टन. रोज 2,500 टन ऊस गाळणारा आपल्याकडचा एक मध्यम कारखाना साधारण महिनाभरात तेवढी साखर काढतो. म्हणजे अमेरिकेच्या कोट्यावर आपलं पोट नाही, हे आपलं नशीब. क्यूबा आणि नेग्रोस तेवढे नशीबवान नव्हते.

पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. डोमिनिकनच्या मळ्यांत ऊस तोडायला पिढ्यान्‌पिढ्या हैतीचे मजूर येत आले आहेत. 2022 मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीची साखर अमेरिकेच्या जकात खात्याने सक्तीची मजुरी असल्याच्या कारणावरून अडवली. ती बंदी 2025 मध्ये उठली. आपल्याकडे बीडची बाई उचल घेऊन नवऱ्याबरोबर कोयत्यावर जाते, दोघांचं काम मिळून एकच कोयता धरला जातो. देशांच्या कोट्याचा तक्ता घ्या नाहीतर कारखान्याचा हिशेब घ्या, त्यात टन मोजलेले असतात. मोळी डोक्यावर वाहणारी बाई त्यात कुठेच नसते. वाटा वाढला तर तिची मजुरी वाढेलच असं नाही. वाटा कापला की चूल मात्र तिचीच आधी थंड होते.

मैत्रिणींनो, वाटण्या आपल्या गावातही होतात. पाटाच्या पाण्याची पाळी, घरकुलाची यादी, खताच्या गोण्या. पुढच्या बैठकीत यातली एखादी वाटणी घ्या आणि तीन गोष्टी विचारा. ही वाटणी कोणत्या वर्षाची यादी धरून केली? ती करताना कोण कोण बसलं होतं? आणि जिच्या कष्टावर हे सगळं उभं आहे, तिचं नाव यादीत आहे का? उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.